एकाच तिथीच्या दोन कॅसेटी

भाट्याच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर सिंधुसागर नावाचं एक धर्मादाय रुग्णालय आहे. त्याच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटात, एक बिनखिडकीची खोली आहे. रुग्णालयात पंखे बंद पडोत, लिफ्ट अडकून बसो, त्या खोलीतला एसी मात्र बारा महिने चालू. आत माणूस एकच, राजश्री शेवडे. बाकी सगळी यंत्रं.

रुग्णालयात निघणारा प्रत्येक एक्स-रे, प्रत्येक सोनोग्राफी आधी मोठ्या संगणकात जाते आणि तिथून रोज कॅसेटवर उतरते. ही कॅसेट गाण्यांची नव्हे; तळहाताएवढी, चौकोनी, काळी, जाडजूड. दोन वर्षं झाली की संगणकातली जागा मोकळी करतात, मग जुनं सगळं फक्त कॅसेटवरच उरतं. कॅसेट बदलायची, तिच्यावर चिठ्ठी लावायची, कपाटात तिच्या जागी उभी करायची, हे राजश्रीचं काम. अकरा वर्षांत तिचा एकही दिवस चुकला नव्हता, आणि त्याला कारण होतं. पंधरा दिवसांनी कॅसेट बदला, असं कंपनीच्या माणसाने पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हाच तिने मनाशी ठरवून टाकलं, एकादशीला बदलायची. तारीख माणूस विसरेल. एकादशी ती कशी विसरणार? पहाटे स्नान, तुळशीला पाणी, सहस्रनाम, पोटात काही नाही, आणि हातात कोरी कॅसेट. चिठ्ठीवरही ती तिथीच लिहायची. 'कार्तिक शु. ११, २०२१.' 'माघ व. ११, २०२२.' त्या एकादशीपासून पुढच्या एकादशीपर्यंतचं सगळं त्या कॅसेटवर. एकादशी रविवारी आली तर बाई रविवारी किल्ली घेऊन हजर.

"ताई, तुमच्या कॅसेटींनाही उपास घडतो काय ओ?" एक्स-रे काढणारा हमीद सोलकर दारातून डोकं घालून विचारायचा.

"उपास मला, हमीदभाई. त्यांचं तर त्या दिवसापासून जेवण सुरू होतं."

राजश्रीचा आवाज इतका हळू की समोरच्याला थोडं पुढे वाकावं लागे. पण उत्तर चुकायचं नाही.

तर त्या सोमवारी डॉक्टर तेजस्वी स्वतः जिना उतरून खाली आल्या. एरवी वरून फोन येतो. डॉक्टर खाली आल्या म्हणजे काहीतरी जड आहे, हे राजश्रीने ओळखलं आणि खुर्ची पुढे केली. डॉक्टर बसल्या नाहीत.

"पूर्णगडच्या झुबेदा होडेकर. वय अठ्ठावन्न. छातीत उजवीकडे डाग दिसतोय, सव्वा सेंटिमीटरचा. मुंबईच्या सर्जनने गुरुवार दिलाय. छाती उघडून काढणार."

"अरे देवा."

"ऐका. बाई म्हणतात, दोन-अडीच वर्षांपूर्वी जेटीवर शेवाळावरून घसरल्या होत्या, बरगडीला मार लागला म्हणून इथेच एक्स-रे काढला होता. त्या एक्स-रेत हा डाग असेल आणि तेवढाच असेल, तर तो जुन्या बऱ्या झालेल्या जखमेचा वण. त्याला कुणी हात लावायचा नाही. आणि तेव्हा नसेल, तर मात्र गुरुवार चुकवून चालणार नाही. मला तो जुना एक्स-रे हवाय. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने त्या निघतायत."

"त्यांच्याकडची फिल्म?"

"पत्र्याखालच्या फळीवर ठेवली होती. उन्हाने तापून सगळी काळी झालीय. बघायला आता काही नाही तिच्यात."

"पाच मिनिटांत देते," राजश्री म्हणाली. तसंच व्हायचं आजवर. संगणकात कॅटलॉग होता. नाव टाकलं की कॅटलॉग सांगायचा, अमुक नंबरची कॅसेट लावा, अमुक ठिकाणी आहे. बासष्ट कॅसेटी म्हणजे बासष्ट भरलेली कोठारं, आणि कुठल्या कोठारात काय ठेवलंय ते ठाऊक एकट्या कॅटलॉगला. कॅसेटींवर छापील नंबर होते, पण त्या दर अडीच-तीन वर्षांनी पुसून पुन्हा वापरलेल्या, त्यामुळे नंबरांना आगापिछा नव्हता.

राजश्रीने नाव टाकलं. पडद्यावर लाल चौकट आली. तिने चौकट बंद केली, देवाचं नाव घेतलं, पुन्हा नाव टाकलं. पुन्हा लाल चौकट.

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या पुण्याच्या कंपनीत अजिंक्य नावाचा इंजिनिअर होता. आवाजावरून तिशीचा, आणि बोलणं असं की दोन शब्दांमध्ये फट नाही. त्याने तिकडूनच संगणक हातात घेतला. राजश्री पडद्यावर आपोआप फिरणारा बाण बघत बसली.

"कॅटलॉगचा डेटाबेस करप्ट झालाय, मॅडम. खालची डिस्क खराब होत आलीय. कॅटलॉगची कॉपी कुठे पडते?"

"त्याच डिस्कवर."

"त्याच? कुणी लावलं असं?"

"तुमच्याच माणसाने. मी तेव्हा विचारलं होतं. म्हणाला, सगळे असंच लावतात."

पुण्याकडून थोडा वेळ नुसता टाईप केल्याचा आवाज आला. दुपारपर्यंत त्याने कॅटलॉगला जोडून, ठोकून, जमेल तितका उभा केला. चोवीस सालापासूनचं उघडलं. त्याआधीचं एक पानही उघडेना, आणि झुबेदाचा एक्स-रे त्याआधीचाच.

"आता एकच मार्ग," अजिंक्य म्हणाला. "कॅटलॉग नव्याने बांधायचा. एकेक कॅसेट मशीनमध्ये घालायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची. जे जे सापडेल ते सॉफ्टवेअर नव्या कॅटलॉगमध्ये लिहीत जाईल. एका कॅसेटला सहा तास. तुमच्याकडे मशीन एकच, तेही म्हातारं. किती कॅसेटी?"

"बासष्ट."

"दिवसाला एक धरा. दोन महिने."

"दोन महिन्यांत सगळ्या करू," राजश्री म्हणाली, "पण त्यातली एक मला बुधवारच्या आत हवी."

"कुठली?"

तोच तर प्रश्न होता. तिने पूर्णगडला फोन लावला. झुबेदाची सून आलिया बोलली. तिने आत जाऊन सासूला विचारलं आणि परत आली. "अम्मीला तारीख नाही आठवत. पण म्हणते, श्रावणातली एकादशी होती. तुमचा उपास होता. तुम्हीच तिला बाकावर बसवलंत."

राजश्रीला आठवेना. बाकावर तिने किती जणांना बसवलं असेल! पण कुणीतरी आपला उपास लक्षात ठेवला, याचं तिला बरं वाटलं.

"श्रावणात दोन एकादश्या येतात गं. चंद्र वाढता होता की उतरता, ते विचार."

आलिया पुन्हा आत गेली. दर्यावरच्या घरात तारीख नसेल लक्षात राहत, पण चंद्र राहतो. भरती-ओहोटी त्याच्याच तालावर. "वाढता होता म्हणते. तेवीस साल."

"मग शुद्ध एकादशी!" राजश्री फोन ठेवूनच उठली.

मंगळवारी सकाळी नऊला ती कपाटापुढे उभी होती. तेवीस सालचा खण. भाद्रपदाकडून मागे येत येत तिचं बोट थांबलं. 'श्रावण शु. ११, २०२३.' काय सुरेख दिसत होतं ते अक्षर! अजिंक्यला तिने सांगितलं तेव्हा तो हसलाच.

"लेबलवर तिथी? मॅडम, हे मी पहिल्यांदाच पाहतोय. तारीख लिहायला काय झालं होतं?"

"तारखेचं काम कॅटलॉग करत होता ना? तुमचा," राजश्री हळूच म्हणाली.

यंत्र गुरगुरायला लागलं. नव्या, कोऱ्या कॅटलॉगमध्ये एकेक ओळ उमटू लागली. नावं, वयं, गावं, तारखा. मंडणगडचा कुणी, लांज्याची कुणी. राजश्री प्रत्येक नाव मनात वाचत होती, जपमाळ ओढावी तशी. दुपारी तीनला कॅसेट संपली. पहिली तारीख सत्तावीस ऑगस्ट. शेवटची नऊ सप्टेंबर. झुबेदा होडेकर नव्हती.

तिने पुन्हा शोधलं. 'जुबेदा' टाकून पाहिलं. 'होडेकर' नुसतं टाकून पाहिलं. एक होडेकर निघाला, पण तो सात वर्षांचा, हात मोडलेला.

"आठवण ही आठवणच असते, मॅडम," अजिंक्य म्हणाला. आवाजात चेष्टा नव्हती, पण आशाही नव्हती. "सगळ्या लेबलांचे फोटो पाठवून ठेवा. बघतो मी."

तिने बासष्ट फोटो पाठवले. घरी जाऊन सांजवात लावताना तिचा हात निरांजनापाशी थांबला. ज्या बाईने आपला उपास ध्यानात ठेवला, तिला आपण काय देणार आहोत? तर माफी. अकरा वर्षं जपलेल्या त्या कपाटाचा तिला मनातून केवढा अभिमान होता. अभिमान धरू नये असं रोजच्या प्रार्थनेत म्हणायची ती, पण होता. आणि तेच कपाट आता तोंड मिटून बसलं होतं.

बुधवार उजाडला. पौषातली वद्य एकादशी, आणि नेमकी संक्रांत. राजश्री साडेआठला खोलीत आली तेव्हा हमीद दारात तिळगुळाची पुडी घेऊन उभा.

"घ्या ताई, गोड बोला. तीळ चालतो ना आज?"

"आज तर तिळाचीच एकादशी. द्या."

तिने पुडी कपाळाला लावून टेबलावर ठेवली. आज नवी कॅसेट लावायचा दिवस. कोरी एकही नव्हती. मागवलेला खोका कुरिअरवाल्याकडे सावर्ड्याला अडकला होता. तेवढ्यात पुण्याचा फोन.

"मॅडम, कोऱ्या कॅसेटची काळजी नको. फोटो बघितले मी. तेवीसच्या खणात 'श्रावण शु. ११' अशी आणखी एक कॅसेट आहे, त्याच लेबलची. एक आपण काल वाचली. दुसरी तिची कॉपी असणार, किंवा लेबल चुकून दोनदा लागलं असणार. ती पुसून आज वापरा. इरेज मारा नि लावा."

राजश्रीने कपाट उघडलं. खरंच. कालच्या रिकाम्या जागेच्या दोन घरं मागे तीच तिथी, तेच साल, तेच तिचं अक्षर. तिने कॅसेट हातात घेतली.

"मॅडम? करताय ना?"

"जरा थांबा."

"अहो, तुमच्या सिस्टिमला आजचा बॅकअप—"

"अजिंक्य," ती म्हणाली. नेहमीसारखीच हळू, पण पुण्याचं टायपिंग थांबलं. "मी एकच गोष्ट दोनदा लिहीत नाही. दोन चिठ्ठ्या आहेत म्हणजे दोन कॅसेटींत काहीतरी वेगळं आहे. काय ते मला आत्ता सांगता येत नाही. पण पुसणार नाही."

"लेबल चुकू शकतं ना?"

"दुसऱ्या कुणाचं चुकेल." हे बोलून तिची तीच जरा चपापली.

तेवढ्यात बाहेरच्या बाकावरून खोकल्याचा आवाज आला. झुबेदा आणि आलिया कागद न्यायला आल्या होत्या. झुबेदा काटक, उंच, ओढणी कानामागे खोचलेली, पायाशी मुंबईची भरगच्च पिशवी. राजश्रीला पाहताच तिने तोंडभर हसून हात धरला.

"काय गो बाय, मिळाली का माझी छाती?"

राजश्री म्हणाली, "नाही हो मिळाली अजून. श्रावणातली शुद्ध एकादशी म्हणालात ना, ती सगळी कॅसेट वाचली. तुम्ही नाही त्यात."

"श्रावणातली?" झुबेदाने सुनेकडे पाहिलं. "मी काय सांगितलं होतं हिला? बाय म्हणाली होती, 'आज माझी अमक्या श्रावणातली एकादशी आहे.' अमका काय तो शब्द नाही आठवत, पण नुसता श्रावण नव्हता."

"मला काय ठाऊक अम्मी, अमका नि तमका," आलिया पुटपुटली. "श्रावण तो श्रावण."

"आणि दोघींचा उपास होता हे सांगितलंस का? नाही ना? अर्धं पोटात ठेवते ही मुलगी." झुबेदा राजश्रीकडे वळली. "माझाही रोजा होता गो त्या दिवशी. मला पाणी द्यायला आलीस, मी म्हटलं रोजा आहे. तू हसलीस नि म्हणालीस, चला, दोघी भुकेल्या बसू. म्हणून तर तू माझ्या ध्यानात राहिलीस."

आता राजश्रीला आठवलं. बरगडी दाबून बसलेली उंच बाई, ओठ सुकलेले, पाण्याचा पेला परत केलेला.

"रोजा कसला, चाची?" हमीद मध्येच म्हणाला. "त्या साली रमजान मार्च-एप्रिलात होता. श्रावणात कुठून आला?"

"रमजान कोण म्हणतंय रे? आशुऱ्याचा रोजा. मोहरमची दहावी. मुसलमान आहेस ना?"

हमीद वरमला आणि खिशातून मोबाइल काढला. "तेवीस साल... मोहरमची दहावी... हं. एकोणतीस जुलै. शनिवार."

"एकोणतीस जुलै?" राजश्री म्हणाली. कालची कॅसेट सत्तावीस ऑगस्टपासून सुरू झाली होती. मोहरमची दहावी म्हणजे चंद्र वाढता, दहा-अकरा दिवसांचा. एकादशी बरोबर बसत होती. फक्त महिना एक अलीकडचा. आषाढी तर जूनच्या शेवटी होऊन गेली होती. मग आषाढाच्या पुढे आणि श्रावणाच्या अलीकडे जो महिना—

तिने हातातल्या कॅसेटकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अधिक! हमीदभाई, अधिक श्रावण होता त्या साली!"

"तोच! तोच शब्द!" झुबेदा ओरडली. "अधिक!"

"म्हणजे काय पण?" हमीदने विचारलं. "जादा श्रावण?"

"जादाच. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडतं ना, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या आसपास एक महिना दोनदा येतो. पहिला अधिक, दुसरा निज. त्या वर्षी श्रावण दोनदा आला. दोन शुद्ध एकादश्या, दोन वद्य."

"अच्छा! म्हणून तुमची दिवाळी आपली थंडीच्या तोंडाशीच थांबते, नि आमची ईद सगळं वर्ष हिंडते. आमच्यात हा जादाचा महिनाच नाही."

"नाही, म्हणूनच तर सापडलं. मोहरम तिकडे एकदाच आला. त्याने बरोबर पहिला श्रावण दाखवला."

"मग चिठ्ठीवर 'अधिक' का नाही लिहिलंत?" हमीदने सरळ विचारलं.

खरं सांगायला हवं होतं. अधिक महिन्यात नवं काही सुरू करू नये अशी तिच्या घरची रीत. दान करावं, जप करावा, पण आरंभ करू नये. आणि कॅसेट तर त्या दिवशी सुरू करणं भाग होतं. हातात पेन घेऊन ती थोडा वेळ थांबली होती, आणि मग 'अधिक' हा शब्द तिने गाळला होता. नुसता श्रावण. जणू न लिहिल्याने देवाला कळणार नव्हतं.

"देवाला चुकवायला गेले," ती म्हणाली, "आणि तुम्हाला चुकवलं, झुबेदाबाई. माझ्या एका शब्दापायी कालचा दिवस गेला."

झुबेदाने हात झटकला. "दिवस गेला तर गेला. आज आहे ना? लाव ती."

फोन टेबलावर तसाच सुरू होता, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यातून अजिंक्यचा आवाज आला, या वेळी दोन शब्दांत पुरेशी फट ठेवून. "मॅडम... मी इरेज करायला सांगत होतो ती."

"हो."

"सॉरी."

"चिठ्ठी माझीच अपुरी होती. सांगा आता, काय दाबू?"

साडेनऊला कॅसेट आत गेली. साडेतीनपर्यंत ती संपायची. मुंबईची गाडी पाचला. एकादशीची नवी कॅसेट लावायला यंत्र मोकळं नव्हतंच. अकरा वर्षांचा नेम आज मोडणार होता. राजश्रीने मनातल्या मनात हात जोडले. उद्या द्वादशीला लावीन, म्हणाली, आज हे होऊ दे.

नव्या कॅटलॉगमध्ये पहिली ओळ उमटली. एकोणतीस जुलै. हमीदने टाळी वाजवली. पण त्या दिवसाच्या ओळी लागोपाठ नव्हत्या; सॉफ्टवेअर कॅटलॉगमध्ये आधी सोनोग्राफीच्या ओळी लिहीत होतं, मग इतर, एक्स-रेच्या सगळी कॅसेट वाचत आल्यावर, शेवटी. वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता. झुबेदा बाकावर बसली. अकराच्या सुमाराला राजश्रीही तिच्या शेजारी जाऊन बसली.

"आजही एकादशी का गो?"

"आजही."

"मग आज मी जेवून आलेय, तू एकटीच भुकेली." झुबेदा हसली, मग तिचं हसू विरलं. "रोग नसेल तर नको होतं मला कापून घेणं. असला तर काय, घेतलं असतं. पण हे मध्ये लटकणं वाईट. घरात सगळी रडून मोकळी झालीत. माझा मुलगा म्हणतो, अम्मी, होडी विकतो. मी म्हटलं, मेल्या, मी अजून बसलेय ना समोर."

एक वाजता यंत्राने विचित्र करकर केली आणि थांबलं. राजश्री धावत आत गेली. पडद्यावर पिवळा इशारा. अजिंक्य तिकडून म्हणाला, "हेड मळलंय. साफ करायची कॅसेट आहे? घालून काढा. मग जिथे थांबलं तिथूनच पुढे नेतो." तिच्याकडे ती होती, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, कपड्यात गुंडाळलेली. तिने ती घातली, काढली, आणि श्रावणाची कॅसेट पुन्हा दोन्ही हातांनी सरकवली, देव्हाऱ्यात मूर्ती बसवावी इतक्या हलक्या हाताने. यंत्र क्षणभर गप्प राहिलं, आणि गुरगुरू लागलं.

तीन वाजून वीस मिनिटांनी एक्स-रेच्या ओळी सुरू झाल्या. हमीद खांद्यावरून वाकून वाचत होता. "मालगुंडकर... शिंदे... गंगा तांबे... ताई!"

'होडेकर झुबेदा, वय ५५, छाती, २९ जुलै.'

राजश्रीने त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच ठेवून हमीदला म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर तेजस्वींनी दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी लावले. डावीकडे अडीच वर्षांपूर्वीचा, उजवीकडे आत्ताचा. डॉक्टरांनी मोजपट्टीचा बाण आधी एकावर ओढला, मग दुसऱ्यावर. मग पहिल्यावर पुन्हा.

"तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळे बरगडीच बघत होते. पण आहे. त्याच जागी. सव्वा सेंटिमीटर. आजही सव्वाच." त्या वळल्या. "झुबेदाबाई, हा जुना वण आहे. वाढत नाहीये. मुंबईच्या सर्जनना दोन्ही पाठवते, त्यांच्याशी बोलून घेते, आणि वर्षाने आपण पुन्हा एक्स-रे काढू. पण गुरुवारचं ऑपरेशन मी रद्द करायला सांगतेय."

झुबेदा सुनेकडे वळून म्हणाली, "घरी फोन लाव. त्याला सांग, होडीला हात लावलास तर याद राख."

आलिया रडत रडत हसायला लागली.

"डॉक्टरबाई," हमीद म्हणाला, "शोधलं ते ह्यांनी."

"आम्ही तिघांनी," राजश्री म्हणाली. पण डॉक्टर तिच्याकडे बघत होत्या, झुबेदा बघत होती, दारात जमलेल्या दोन नर्सेस बघत होत्या, आणि त्या दिवशी तिने मान खाली घातली नाही. अभिमान धरू नये हे तिला ठाऊक होतं. पण हा आपला एकटीचा नाही, असं तिने स्वतःला समजावलं. बासष्ट कॅसेटींचा आहे, त्या दोन्ही श्रावणांचा आहे. आणि थोडा आपलाही असला, तर देव एवढं मनावर घेणार नाही.

मुंबईसाठी बांधलेली पिशवी झुबेदाने बाकावर उघडली. चार दिवस पुरेल एवढं होतं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याची चटणी, ओल्या नारळाच्या वड्या. "आता हे कुठे वाहून नेऊ?" म्हणत तिने भाकऱ्या नि चटणी हमीदच्या हातात कोंबली. वड्यांचा डबा राजश्रीपुढे धरला आणि मागे घेतला. "तू आज नाही खाणार. पण उद्या बारस ना तुमची? उपास सोडशील तेव्हा खा. डबा पूर्णगडच्या गाडीत दे, कंडक्टर ओळखतो मला."

ती गेल्यावर राजश्री पुन्हा आत आली. फोनवर अजिंक्य अजून होता.

"मॅडम, एक विचारू? नव्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक कॅसेटपुढे शेरा लिहायला जागा असते. मी तिथे तुमची तिथी टाकत जातो. आता वाचली तिच्यापुढे काय लिहू?"

"अधिक श्रावण शुद्ध एकादशी."

"स्पेलिंग?"

"मराठीत लिहा," राजश्री म्हणाली, आणि जरा मोठ्याने, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून तिने सांगितलं. "आणि हो, कॅटलॉगची प्रत आता दुसऱ्या डिस्कवर. मी स्वतः बघणार आहे. झालं? मग घ्या लिहून. साठ राहिल्यात. पहिली, चैत्र."